पार्टिशन सरकवताना मध्यरात्री वीज गेली. अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे. मदत हवी

गिरणगावकन्या (शनिवार, सकाळी ७:४०)

नमस्कार मंडळी. पहाटेपासून हातपाय गळाले आहेत, तरी जमेल तेवढं नीट सांगते.

लॅपटॉपमध्ये १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे. पुढे विंडोज आणि मागे उबुंटूचं ४०० जीबीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला भाग, एक्स्ट४ पद्धतीने मांडलेला. उबुंटूचं भरत आलं होतं आणि विंडोजमध्ये जागा नुसती पडून होती. म्हणून काल रात्री जीपार्टेडच्या (पार्टिशनं बदलायच्या प्रोग्रॅमच्या) पेनड्राइव्हवरून बूट केलं आणि एका दमात तीन कामं लावली: विंडोज १०० जीबीने लहान करायचं, उबुंटू तेवढंच डावीकडे सरकवायचं, मग ते ५०० जीबीपर्यंत वाढवायचं.

साडेदहाला सुरू केलं. विंडोज लहान होऊन अकराच्या सुमारास सरकवायचं काम चालू झालं. स्क्रीनवर काही तास बाकी दाखवत होतं, म्हणून मी झोपले. रात्रभर पाऊस होता. एकच्या सुमारास चाळीच्या मीटरखोलीत पाणी शिरलं आणि आमच्या बाजूची वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे, ती काही मिनिटंच टिकली असावी. साडेपाचला उठून पाहते तर स्क्रीन काळी. चालू केला तर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच ओळ, बूट होतच नाही.

उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून पाहिलं. पार्टिशन ५०० जीबीचं दिसतं आणि फाइल मॅनेजरमध्ये उघडतंसुद्धा. फोल्डरांची नावं जागच्या जागी आहेत. काही फाइली नीट चालतात, काही चेकसमची (डेटा शाबूत आहे का ते ताडायच्या आकड्याची) चूक दाखवून बंद होतात.

आत काय आहे ते सांगते, कारण त्याशिवाय माझी घालमेल कळणार नाही. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात (विणकामाच्या विभागात) होते. गेली सहा वर्षं मी त्यांच्या बरोबरच्या कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करते आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा कुणाच्या घरात काय होतं, गावी कोण परतलं, खानावळ कशी चालली, असं सगळं. एकूण ४१ मुलाखती. त्यातली ९ माणसं आता नाहीत. ११ मुलाखती मावसभावाच्या पेनड्राइव्हवर आहेत, बाकी ३० ची दुसरी प्रत कुठेच नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. एक मुलाखत उघडली तर नीट चालली. साचेखात्यात काम केलेले एक काका भोंग्याबद्दल बोलत होते. २३ मिनिटं ४० सेकंदांवर, वाक्याच्या मधोमध, काकांचा आवाज गेला आणि एक मावशी बोलायला लागल्या. खरखर नाही, तुटल्याचा आवाजसुद्धा नाही. ती मावशींची मुलाखत मी दोन वर्षांनंतर घेतलेली आहे! ऐकून काळजात धस्स झालं.

आता काय करू?

अक्षरजुळणी (शनिवार, सकाळी ८:०५)

ताई, धीर सोडू नका. फाइल सिस्टीम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) खराब झाली असली की ई२एफएसचेक (तिची तपासणी करणारं साधन) चालवायचं, वाय पर्याय देऊन. सगळ्या प्रश्नांना आपोआप ‘हो’ म्हणत दुरुस्ती करतं. माझ्या डीटीपीच्या मशीनवर दोनदा केलंय, दोन्ही वेळा काम झालं.

जुना_खलाशी (शनिवार, सकाळी ८:१२)

ताई, ई२एफएसचेक चालवू नका. ते पार्टिशन आत्ता अनमाउंट करा (सिस्टीमपासून सोडवा), लॅपटॉप बंद करा आणि पुढचा प्रतिसाद येईपर्यंत त्या डिस्कला हात लावू नका. कामावर पोचलो की सविस्तर लिहितो.

अक्षरजुळणी, तुमचा हेतू चांगला आहे आणि तुमच्या मशीनवर ते बरोबरच होतं. इथलं दुखणं वेगळं आहे.

गिरणगावकन्या (शनिवार, सकाळी ८:१५)

बंद केला. अजून काही चालवलेलं नाही, फक्त फाइली उघडून पाहिल्या.

जुना_खलाशी (शनिवार, सकाळी १०:५०)

आता नीट सांगतो. लांबेल, पण वाचा.

तुमची फाइल सिस्टीम बिघडलेली नाही. ती अर्धी सरकलेली आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या त्या काका-मावशींच्या फाइलीवरून तो दिसतोच आहे.

जीपार्टेड डावीकडे सरकवताना काय करतं? आधी नव्या सुरुवातीपासून जुन्या शेवटापर्यंतचं एक मोठं पार्टिशन आखतं. म्हणून तुम्हाला ५०० दिसतंय. मग पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे ४०९६ बाइटचा तुकडा) ओळीने उचलून १०० जीबी डावीकडे उतरवत जातं. (जीबी म्हणजे इथे १०२४ च्या हिशोबातला.) उचललेलं मागे पुसलं जात नाही. पुढून येणारी प्रत हळूहळू त्याच्यावर चढत जाते. वीज गेली त्या क्षणी डिस्कवर एक सांधा तयार झाला. सांध्याच्या डावीकडे सगळं नव्या जागी, बरोबर. उजवीकडे सगळं अजून जुन्या जागी, म्हणजे १०० जीबी पुढे.

काकांच्या फाइलीचा पत्ता या सांध्यावरून जातो. पूर्वार्ध नव्या जागी पोचलाय, उत्तरार्ध अजून १०० जीबी पुढे आहे. प्लेअर सरळ चालत गेला आणि सांध्यापलीकडे त्याला १०० जीबी अलीकडची फाइल सापडली, मावशींची. दोन्ही मुद्रणं एकाच प्रकारची, बिनदाबाची वेव्ह असणार, म्हणून आवाज न तुटता माणूस बदलला. एमपी३ असतं तर सांध्यापाशी क्षणभर तरी आवाज तुटला असता.

आता ई२एफएसचेक इथे घातक का. १०० जीबी म्हणजे एक्स्ट४ चे बरोबर ८०० ब्लॉक ग्रुप, कारण एक ग्रुप १२८ एमबीचा. त्यामुळे सांध्यापलीकडे एका ग्रुपच्या आयनोड टेबलाच्या (आयनोड म्हणजे एका फाइलीची नोंद: ती कुठे आहे, केवढी आहे) जागी दुसऱ्याच ग्रुपचं टेबल अगदी चपखल बसलंय. पण प्रत्येक आयनोडच्या चेकसममध्ये त्याचा स्वतःचा क्रमांक मिसळलेला असतो, म्हणून तपासणीत ते सगळे आयनोड खोटे ठरतात. वाय दिलं असतं तर प्रोग्रॅमने ते इमानदारीने एकेक करून पुसले असते. आणि ते पुसणं तुमच्या जुन्या, धडधाकट डेटावर झालं असतं.

क्रम असा ठेवा. आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे बाइट न् बाइट नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्यानंतर जे करायचं ते प्रतिमेवर. मूळ डिस्क काढून कपाटात.

एक प्रश्न: सरकवणं नेमकं किती होतं याची काही नोंद आहे का?

गिरणगावकन्या (शनिवार, सकाळी ११:२०)

डोळ्यांत पाणी आलं हो वाचून. बरोबर, सगळी वेव्ह आहेत, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ.

नोंद आहे! कामं लावल्यावर मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला होता. जुनी सुरुवात १०४८५७८०४८ सेक्टर, नवी ८३८८६२८४८.

जुना_खलाशी (शनिवार, सकाळी ११:३१)

वजाबाकी २०९७१५२००. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे काटेकोर १०० जीबी. हा फोटो जपून ठेवा.

मुलुंडकर (शनिवार, दुपारी १२:४५)

ताई, तुमचं वाचून माझा जुना घाव उघडला. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. घरून काम चालू होतं. डेस्कटॉपला यूपीएस नव्हता, आणि मी नेमका तेव्हाच रिसाइझ२एफएसने (एक्स्ट४ चा आकार बदलणाऱ्या साधनाने) एक पार्टिशन लहान करत होतो. वीज संध्याकाळी आली. मी लगेच ई२एफएसचेक वाय. लॉस्ट-फाउंड फोल्डरमध्ये नुसते आकडे नाव असलेल्या हजारो फाइली. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो फोटोरेक या हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रॅमने बरेचसे परत मिळाले, पण नावं नाहीत, तारखा नाहीत, आणि व्हिडिओ अर्धे गेले.

खलाशी, मलाही असा सांधा मिळाला असता का?

जुना_खलाशी (शनिवार, दुपारी १:१०)

मुलुंडकर, वाईट वाटलं वाचून. तुमचं प्रकरण निराळं होतं. लहान करताना सगळं एका अंतराने सरकत नाही. शेपटाकडचे ब्लॉक अलीकडे जिथे मोकळी जागा मिळेल तिथे उतरवले जातात आणि मग आयनोडमधले पत्ते बदलले जातात. त्यामुळे एक सांधा नसतो, हजार ठिकाणी टाके असतात. मात्र शेपटाकडचे मूळ ब्लॉक लगेच पुसले जात नाहीत. तपासणीच्या आधी प्रतिमा घेतली असती तर जास्त हाती लागलं असतं.

आता पुढे कधी करावं लागलं तर रिसाइझ२एफएसला झेड पर्याय देऊन दुसऱ्या डिस्कवरची अनडू फाइल सांगा. जे ब्लॉक तो बदलतो त्यांची जुनी प्रत तिथे राहते आणि ई२अनडूने मागे जाता येतं. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे.

अक्षरजुळणी (शनिवार, दुपारी १:२५)

ताई, मनापासून माफी मागतो. मी सांगितलं तसं केलं असतंत तर अनर्थ झाला असता. इथून पुढे वाय लिहिण्याआधी एन लिहून नुसतं बघेन.

गिरणगावकन्या (शनिवार, रात्री ९:३०)

दादा, माफी कसली, तुम्ही पहिले धावून आलात.

दुपारी प्रभादेवीहून ग्रँट रोडला गेले, लॅमिंग्टन रोडवरून २ टीबीची बाहेरची डिस्क आणली. एका डेटा रिकव्हरीवाल्याकडेही विचारलं. त्यांनी १८ हजार सांगितले, हमी नाही, आणि डिस्क ठेवून जा म्हणाले. कुठली पद्धत वापरणार विचारलं तर ‘सॉफ्टवेअर लावतो’ एवढंच. ठेवायला मन झालं नाही.

आता लाइव्ह उबुंटूवरून प्रतिमा घेणारं डीडीरेस्क्यू चालू आहे. या वेळी लॅपटॉप शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवर लावलाय, त्यांच्या आजी स्वतः बाजूला बसल्यात. नकाशाची फाइलही (कुठवर वाचलं त्याची नोंद) नव्या डिस्कवरच ठेवली आहे, म्हणजे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येईल.

ठाणेकर (शनिवार, रात्री ९:५२)

वाचतोय. आजींना नमस्कार.

गिरणगावकन्या (रविवार, सकाळी ६:१५)

प्रतिमा झाली. एकही वाईट सेक्टर नाही. मूळ डिस्क लॅपटॉपमधून काढून फडक्यात गुंडाळून ठेवली. सांगा पुढे.

जुना_खलाशी (रविवार, सकाळी ८:३०)

शाब्बास. आता सांधा शोधू, दोन स्वतंत्र वाटांनी, म्हणजे एकमेकांचा ताळा मिळेल.

पहिली वाट तुमच्या काकांच्या आवाजाची. प्रतिमेतलं पार्टिशन फक्त-वाचन आणि नोलोड देऊन माउंट करा. नुसतं फक्त-वाचन म्हटलं तरी एक्स्ट४ जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) उलगडायला जातं, म्हणून नोलोड हवंच. मग त्या फाइलीवर फाइलफ्रॅग (फाइल कुठल्या ब्लॉकांत आहे ते सांगणारं साधन) चालवून पहिला ब्लॉक कितवा ते कळवा.

दुसरी वाट तुलनेची. सरकवणं १०० जीबीचं असल्यामुळे सांध्याच्या अलीकडची १०० जीबी आणि पलीकडची १०० जीबी अक्षरशः सारखी आहेत: एक नवी प्रत, एक अजून न पुसलेली जुनी. नव्या सुरुवातीपासून दर जीबीला १ एमबी उचला, त्याच्या १०० जीबी पुढचा १ एमबी उचला, दोन्हींचे एमडी५ (डेटावरून काढलेले ठसे) ताडून पाहा. जुळणाऱ्यांची सलग रांग संपते तिथे सांधा. रिकाम्या जागेत नुसती शून्यं असतात, ती खोटी जुळतील. ती सोडून द्या.

गिरणगावकन्या (रविवार, सकाळी ११:४०)

फाइल ६०५७३६९६ या ब्लॉकपासून सुरू होते आणि सलग आहे. २३ मिनिटं ४० सेकंद म्हणजे १४२० सेकंद. सेकंदाला १ लाख ९२ हजार बाइट. ४०९६ ने भागलं तर ६६५६२ ब्लॉक. बेरीज ६०६४०२५८. म्हणजे २३१.३ जीबी.

तुलनेची छोटी स्क्रिप्ट भाच्याने लिहून दिली. ३१२ आणि ३४७ ला जुळतंय, पण ती दोन्ही शून्यं आहेत. बाकी १३२ पासून जुळायला लागतं आणि २३१ ला थांबतं. मोजून १००!

खलाशी, कानाने ऐकलेलं आणि आकड्यांनी काढलेलं एकाच जागी आलं. मी आणि भाचा दोघंही काही वेळ नुसते स्क्रीनकडे बघत बसलो.

जुना_खलाशी (रविवार, दुपारी १२:१०)

सुंदर! तिसरा ताळाही घेऊ, कारण जुनी सुरुवात आपण फक्त फोटोवरून मानतोय. जुन्या सुरुवातीचा सुपरब्लॉक (फाइल सिस्टीमची मुख्य माहिती असलेला भाग) आता उरलेला नाही, त्याच्यावर प्रत चढली. पण एक्स्ट४ सुपरब्लॉकच्या जादा प्रती १ आणि ३, ५, ७ च्या घातांच्या ग्रुपांत ठेवतं, आणि प्रत्येक प्रतीत ती कितव्या ग्रुपमधली हे लिहिलेलं असतं. सांध्यापलीकडे न सरकलेल्या अशा तीन प्रती असायला हव्यात: ग्रुप २१८७, २४०१ आणि ३१२५. २१८७ ची प्रत जुन्या हिशोबाने १६२१८८६९७६ या सेक्टरला सुरू व्हावी. तिथल्या ५६ व्या बाइटवर ‘५३ ईएफ’ दिसतं का पाहा.

गिरणगावकन्या (रविवार, दुपारी १२:३५)

दिसलं. ‘५३ ईएफ’. ग्रुपचा आकडा २१८७.

जुना_खलाशी (रविवार, दुपारी १२:५०)

मग आता काहीही कॉपी करायची गरज नाही. १३१ ते २३१ हा पट्टा दोन्हीकडे आहे, त्यामुळे सांधा अचूक सेक्टरला पकडायचीही गरज नाही. पट्ट्यात कुठेही कापलं तरी चालतं. आपण २०० वर कापू. पहिले २०० जीबी नव्या सुरुवातीपासून घ्यायचे, उरलेले २०० जुन्या सुरुवातीच्या २०० जीबी पुढून. हे दोन तुकडे डीएमसेटअपने (डिस्कचे भाग जोडून दाखवणाऱ्या साधनाने) शिवून एक आभासी डिस्क करा. प्रतिमेचं लूप डिव्हाइस (प्रतिमेच्या फाइलीला डिस्क म्हणून दाखवणारं) फक्त-वाचन ठेवा. तक्ता दोनच ओळींचा (डीएमसेटअपला तो इंग्रजी आकड्यांत द्या):

० ४१९४३०४०० लिनिअर लूप० ८३८८६२८४८
४१९४३०४०० ४१९४३०४०० लिनिअर लूप० १४६८००८४४८

त्यावर ई२एफएसचेक, या वेळी एफ आणि एन. एन म्हणजे फक्त बघायचं, लिहायचं नाही.

अक्षरजुळणी (रविवार, दुपारी १२:५८)

जीव मुठीत धरून बसलोय.

गिरणगावकन्या (रविवार, दुपारी १:४५)

पहिल्याच ओळीत फाइल सिस्टीममध्ये त्रुटींची नोंद आहे म्हणालं आणि माझ्या पोटात गोळा आला. पण मग पाचही पायऱ्या एकही तक्रार न करता पार पडल्या. ती पहिली ओळ काय?

जुना_खलाशी (रविवार, दुपारी १:५२)

शनिवारी पहाटे तुम्ही फाइली उघडल्यात तेव्हा चेकसम जुळले नाहीत, म्हणून कर्नलने (उबुंटूच्या गाभ्याने) सुपरब्लॉकवर तशी खूण केली. ती फक्त खूण आहे, जखम नाही. आता फक्त-वाचन, नोलोड देऊन माउंट करा आणि आधी मुलाखती काढून घ्या. बाकी सगळं नंतर.

गिरणगावकन्या (रविवार, दुपारी ४:२०)

४१ च्या ४१ मिळाल्या.

मावसभाऊ पेनड्राइव्ह घेऊन लगेच आला. त्याच्याकडच्या ११ मुलाखतींचे एमडी५ काढले, अकराही जुळले. उरलेल्या ३० ना ताडायला काही नाही, म्हणून मी आणि बाबा आलटून पालटून ऐकतोय, प्रत्येकीची सुरुवात, मधला भाग आणि शेवट. आत्तापर्यंत १७ झाल्या, सगळ्या नीट.

काकांची फाइल बाबांनी पहिली लावायला सांगितली. २३:४० आलं आणि काका बोलतच राहिले. ‘भोंगा वाजला की आमची आई घड्याळ न बघता चुलीवरचं उतरवायची’ हे ते वाक्य होतं. बाबा म्हणाले, पुन्हा लाव. तीनदा लावलं.

मुलुंडकर (रविवार, दुपारी ४:३१)

ताई, ऐकून फार बरं वाटलं. माझी तेव्हाची जुनी डिस्क अजून कपाटात आहे. खलाशी, तपासणी होऊन गेल्यावरही प्रतिमा काढून काही बघता येईल का?

जुना_खलाशी (रविवार, संध्याकाळी ६:०५)

तपासणीनंतर डिस्क वापरलीत का, त्यावर अवलंबून आहे. वापरली नसेल तर काढा प्रतिमा. पार्टिशन लहान होऊन मोकळा झालेला शेपटाचा भाग जर कधीच कशाला दिला नसेल, तर व्हिडिओंचे मूळ ब्लॉक तिथे असू शकतात. वेगळा धागा काढा, मी येतो.

ताई, दुसरी प्रत कुठे ठेवताय?

गिरणगावकन्या (रविवार, संध्याकाळी ६:२०)

एक मावसभावाकडे कल्याणला, सगळ्या ४१, एमडी५ च्या यादीसकट. तो आत्ताच घेऊन निघाला. दुसरी ही नवी डिस्क, पण त्यावर प्रतिमाही आहे, म्हणून पुढच्या शनिवारी आणखी एक आणीन. लॅपटॉपमध्ये उबुंटू आता कोऱ्या डिस्कवर नव्याने टाकणार आहे. जुनी डिस्क तशीच राहील.

मुलुंडकर, तुमचा धागा निघाला की मला कळवा. तुलनेची स्क्रिप्ट भाचा तुम्हाला हवी तशी बदलून देईल म्हणतोय.